हिप्पो, सोंड्या आणि तळ्यातलं हिरवं लफडं

१९१० साली अमेरिकेच्या संसदेपुढे एक विधेयक आलं. आफ्रिकेतून हिप्पो आणायचे आणि लुईझियाना राज्याच्या दलदलीत सोडायचे! ते मांडणाऱ्या रॉबर्ट ब्रुसार्ड या खासदाराचा हिशेब सरळ होता. तिथले ओढे-कालवे जलपर्णीनं गच्च भरले होते, बोटी अडत होत्या. त्याच सुमाराला देशात मांस महाग झालं होतं. हिप्पो जलपर्णी खातील, लोक हिप्पो खातील, आणि दोन्ही कटकटी एकदम मिटतील. खर्चाची मागणी अडीच लाख डॉलर.

या योजनेचे दोन मोठे पाठीराखे होते फ्रेडरिक बर्नहॅम आणि फ्रिट्झ ड्यूकेन. गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वीच बोअर युद्धात हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. हिप्पोपायी ते एका मंचावर आले. (यातला ड्यूकेन पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत जर्मनीसाठी हेरगिरी करणाऱ्या टोळीचा म्होरक्या म्हणून पकडला गेला. पण ते निराळं लफडं.)

विधेयक बारगळलं, आणि बरंच झालं. हिप्पो दिवसभर पाण्यात डुंबतो खरा, पण जेवायला रात्री काठावर येतो आणि जमिनीवरचं गवत चरतो. पाण्यातल्या पाल्यात त्याला फारसा रस नसतो. म्हणजे अमेरिकेत जलपर्णी तर राहिलीच असती, वर हिप्पोही राहिले असते.

एकीच्या हजार

ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. तिला जगभर कुणी हल्ला करून नेलेलं नाही. फूल सुंदर दिसलं म्हणून लोकांनी हौसेनं आपापल्या बागेतल्या हौदात नेऊन ठेवलं. आज पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, देहू-आळंदीची इंद्रायणी, इचलकरंजीजवळची पंचगंगा, कल्याणजवळची उल्हास, मुंबईचा पवई तलाव अशी तिची हजेरी आहे. विदर्भात तिला थेट शास्त्रीय नावानं इकॉर्निया म्हणतात. शास्त्रज्ञांनी ते नाव बदलून आता पोंटेडेरिया केलंय, पण ते चंद्रपूरच्या रामाळा तलावापर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही.

ऊन आणि खत भरपूर असेल तर एक-दोन आठवड्यांत जलपर्णी दुप्पट होते. संथ गती धरू, दोन आठवडे. तरी एका रोपाची वीस आठवड्यांत हजारावर रोपं होतात. त्यासाठी बियांची गरज नाही. आडवी धावणारी फांदी फुटते, तिच्या टोकाला पोर येतं, ते तुटून वेगळं होतं. बियाही असतातच. फुलं कोमेजली की दांडा मान वळवून पाण्यात बुडतो आणि बी तळाच्या गाळात सोडतो. ते बी वीस वर्षांनंतरही रुजू शकतं. म्हणूनच तळं स्वच्छ झाल्याचं जाहीर करून फोटो काढले की पुढच्या हंगामात गाळ हळूच हसतो.

बंगालमध्ये हे प्रकरण राजकारणात शिरलं होतं. जलपर्णीनं भातशेती आणि नावांची वाट अडवली, तेव्हा १९२१ मध्ये सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर जगदीशचंद्र बोस. वनस्पतींना संवेदना असतात हे जगाला दाखवणाऱ्या माणसाकडे एका वनस्पतीला मारायचं कसं हे ठरवण्याचं काम आलं! पहिल्या महायुद्धाच्या काळात लोकांनी हिचं खापर जर्मनांवर फोडलं होतं आणि तिला ‘जर्मन पाना’ म्हणायला सुरुवात केली होती. १९३६ मध्ये जलपर्णीविरोधी कायदा झाला, आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ‘आम्ही जलपर्णी हटवू’ हे आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यात आलं. आपल्याकडे नदीसुधारणेची आश्वासनं नवीन आहेत असं वाटत असेल, तर ही जुनी परंपरा आहे.

काठावर उकिडवं बसून

आता मुद्द्याचं. तळ्यावर हिरवं काही दिसलं की ते काढायचं, ही घाई महागात पडते. आधी ओळख. ती पटवायला दुर्बीण लागत नाही, हात भिजवायची तयारी लागते.

पानाचा देठ खालच्या बाजूला फुगलेला, दाबला तर स्पंजासारखा, आत हवा. फूल फिकट जांभळं, सहा पाकळ्यांचं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका आणि त्याभोवती निळसर कड: ही जलपर्णी. गर्दी झाली की देठ फुगायचे बंद होतात आणि ती तीन-तीन फूट उंच वाढते, तेव्हा अनेकांना ते वेगळंच झाड वाटतं. तसं नाही, जागा कमी पडली एवढंच.

देठच नाही, मखमली लव असलेली फिकट हिरवी पानं कोबीच्या कोवळ्या गड्ड्यासारखी पाण्यावर मांडलेली: हे गोंडाळ, म्हणजे पिस्टिया. हे मूळचं कुठलं यावर अजून वाद आहे. पण त्याच्या मुळांशी चालणारा एक धंदा मात्र पक्का ठाऊक आहे. मानसोनिया वंशाच्या डासाची अळी श्वास घ्यायला पाण्यावर येतच नाही. ती आपली श्वासनळी गोंडाळाच्या किंवा जलपर्णीच्या मुळात खुपसते आणि झाडाच्या आतली हवा ओढते! पाण्यावर तेल टाकून अळ्या गुदमरवण्याची नेहमीची युक्ती इथं हरते. हे डास हत्तीपायाच्या एका प्रकाराचा प्रसार करतात. केरळातल्या चेरथला भागात १९८०च्या दशकात हा रोग आवरताना फवारणीपेक्षा तळ्यातलं तण काढणं आणि तिथं मासे पाळणं यावर भर दिला गेला. अडचण अशी की नारळाला खत म्हणून लोक तळ्यात गोंडाळ मुद्दाम वाढवत होते. तण एकाचं, खत दुसऱ्याचं.

तिसरी साल्व्हिनिया. ही शेवाळ नाही, तरंगणारं नेचं आहे. पानं जोडीनं, मधोमध दुमडलेली. पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातो. भिंगातून पाहिलं तर पानावरचे केस दिसतात: प्रत्येक केसाला चार फांद्या, आणि त्या टोकाशी पुन्हा जुळून बारीकसा पिंजरा झालेला. त्या पिंजऱ्यांत हवा अडकते, पान पाण्याखाली दाबलं तरी कोरडंच वर येतं. जर्मन संशोधकांनी याच युक्तीवरून पाण्याशी घर्षण कमी करणारे पृष्ठभाग बनवण्याचा नाद घेतलाय. खाली लोंबणारी तपकिरी ‘मुळं’ ही मुळं नसतातच. तिसरं पान पाण्यात बुडून झुपकेदार झालेलं असतं. साल्व्हिनियाला मुळं नाहीत!

काठावर, अर्धं पाण्यात अर्धं चिखलात, पोकळ खोडाचं आणि पांढऱ्या गोल फुलाचं काही पसरलं असेल तर ते अ‍ॅलिगेटर तण असू शकतं. हे ऑस्ट्रेलियात बंदी असलेलं तण तिथं राहणाऱ्या श्रीलंकन लोकांनी परसात प्रेमानं लावलं होतं. ते त्याला त्यांची नेहमीची पालेभाजी समजत होते, आणि चव चांगली लागल्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

आणि ज्यांना काढायचं नाही तेही ओळखायला हवेत. बारीक, कधी लालसर झाक असलेलं अझोला. आपल्याकडे शेतकरी ते भातात सोडतात आणि गाई-म्हशींना खाऊ घालतात. पाण्यावर हिरवा रवा सांडल्यासारखं दिसतं ती वुल्फिया, जगातली सर्वांत छोटी फुलझाडं याच वंशातली. एक झाड मिलिमीटरपेक्षा लहान, त्याचं फूल त्याहून लहान, आणि थायलंडमध्ये लोक ते चमच्यानं आमटीत घालून खातात. पाण्यावर त्याची साय जाड झाली तर समजा, तळ्यात कुणीतरी काहीतरी सोडतंय. पण दोष वुल्फियाचा नव्हे.

आपलं उपद्व्यापी लेकरू

हायड्रिला सगळ्यांना शाळेपासून माहीत. काचपात्रात उलटं नरसाळं, वर पाण्यानं भरलेली परीक्षानळी, खिडकीतलं ऊन आणि वर चढणारे बुडबुडे. प्रकाशसंश्लेषणाचे गुण तिनंच मिळवून दिले. हीच हायड्रिला १९५०च्या दशकात श्रीलंकेहून मत्स्यपेटीसाठी फ्लोरिडात गेली, ‘इंडियन स्टार-वाइन’ या नावानं विकली गेली, कालव्यात निसटली आणि आज तिथल्या पाणवनस्पती खात्याची मोठी डोकेदुखी आहे. कापावी तर तुकडा तुकडा नवं झाड होतो. उपटावी तर तळाच्या मातीतले कंद राहतात, आणि ते वर्षानुवर्षं दम धरून बसतात. कापणीयंत्र चालवणं म्हणजे तिची पेरणी करणं.

शिंगाड्याचं तर ऐकाच. एकादशीला ज्याच्या पिठाचा शिरा होतो, त्याच कुळातला शिंगाडा १८७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये पोचला आणि तिथून ईशान्य अमेरिकेच्या नद्या-तळ्यांत पसरला. व्हरमाँटच्या शॅम्प्लेन तलावात तो काढायला माणसं होडीतून हातानं उपटतात. फळाचे काटे बुटातून पायात घुसतात. अनेक राज्यांत तो बाळगायला बंदी आहे. तिकडे गुन्हा, इकडे उपवास.

तण म्हणजे अमुक एक झाड नव्हेच, हे इथं ध्यानात येतं. घरी त्याला खाणारा किडा असतो, कुजवणारी बुरशी असते, चरणारा मासा असतो, उकडून विकणारा धीवर असतो. परक्या पाण्यात यातलं कुणीच नसतं. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत हे नीट पाहायला मिळतं. माजी मालगुजारी तलाव म्हणून मामा तलाव. तिथल्या धीवर समाजातल्या लोकांनी काही तलावांतलं बेशरम नावाचं तण उपटून हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशा देशी पाणवनस्पती परत लावल्या, कारण देशी मासे त्यांच्या आडोशाला अंडी घालतात. फ्लोरिडा जी उपटायला पैसे मोजतो, ती गोंदियात हातानं लावावी लागते!

बेशरम हाही जलपर्णीसारखा अमेरिका खंडातलाच. काठावर, पाण्यात, उन्हाळ्यात, गळ्यापर्यंत बुडाला तरी वाढतो, तोडून फेकला तर पडला तिथं रुजतो. विषारी असल्यानं गुरं सहसा तोंड लावत नाहीत. त्याचा एक उपयोग मात्र विदर्भ-मराठवाड्यानं शोधलाय: काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला बेशरमाचं झाड किंवा फुलं भेट देण्याचं आंदोलन. तणाचा याहून नेमका वापर माझ्या माहितीत नाही.

बुळकांडीची रिकामी खुर्ची

जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची एक यादी आहे. तीत गुरांच्या बुळकांडीचा विषाणूही होता. २०११ मध्ये बुळकांडी जगातून कायमची संपल्याचं जाहीर झालं आणि यादीत एक खुर्ची रिकामी झाली. तिथं कोण? जगभरच्या शेकडो तज्ज्ञांचं मत घेतलं गेलं आणि २०१३ मध्ये मान मिळाला साल्व्हिनिया मोलेस्टाला. गावंच्या गावं गुरांवाचून करणाऱ्या रोगाच्या जागी एक मुळं नसलेलं नेचं!

हिचं बीजाणूंशी काही घेणंदेणं नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे पाच संच असतात, त्यामुळे ती वांझ. जगात जिथं कुठं आहे तिथं तुकडे मोडून मोडूनच पसरलेली.

आणि ओळख चुकली की काय होतं, याचा सर्वांत झणझणीत किस्साही हिचाच. सुरुवातीला शास्त्रज्ञ हिला दुसऱ्याच जातीची साल्व्हिनिया समजत होते. त्या जातीवर जगणारा एक सोंड्या भुंगेरा आफ्रिकेत आणून सोडला. भुंगेऱ्यानं फारसं काही केलं नाही. १९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी दाखवलं की ही जातच वेगळी. मग तिचं माहेर शोधायला निघाले. १९७८ च्या सुमाराला ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं, आणि तिथं तिला कुरतडत बसलेला एक सोंड्याही सापडला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या मून्डारा तलावात सोडला. सव्वा वर्षाच्या आत सुमारे १८,००० टन साल्व्हिनियाचा फडशा! आणि कळस म्हणजे हा भुंगेराही त्या वेळी चुकीच्या नावानं ओळखला जात होता. तोही नवीन जातीचा निघाला, आणि १९८५ मध्ये त्याचं सिर्टोबॅगस साल्व्हिनी असं बारसं झालं. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर.

हाच सोंड्या १९८०च्या दशकात बंगळूर आणि केरळात आला. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयातही अलीकडे जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानं तो वापरला.

जलपर्णीचे सोंडे वेगळे: निओकेटिना वंशाचे दोन. १९८२ मध्ये ते अमेरिकेमार्गे बंगळूरला आले, तपासले गेले आणि पुढच्या वर्षी तिथल्या तळ्यांत सोडले गेले. पूर्ण वाढलेला सोंड्या पानावर ओरखडे काढतो, अळी देठात बोगदा करते. आत पाणी शिरतं, कुज लागते, झाड बसतं. युगांडात १९९५ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरात त्यांना सोडलं आणि तीन-चार वर्षांत प्रचंड तवंग कोसळला. एल निनोच्या ढगाळ, पावसाळी हवेनंही त्यात हातभार लावला होता, हे सांगायला हवं. सोंड्याला दुसरं काहीच खाता येत नाही, म्हणून तो भातावर वळेल ही भीती नको. त्याची खोड एकच: त्याला दोन-चार वर्षं लागतात. निविदा मात्र दरवर्षी निघते. आणि यंत्रानं सगळी जलपर्णी उचलली की तिच्या देठातले सोंडे आणि अळ्याही ट्रकमध्ये बसून जातात. दोन्ही उपाय करायचे असतील तर एखादा कोपरा सोंड्यांसाठी राखून ठेवावा लागतो, आणि ‘काम अर्धवट सोडलं’ म्हणून ओरड होणार हेही धरून चालावं लागतं.

ट्रकभर पाणी

जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दहा टनांचा ट्रक भरला की नऊ टन पाण्याचं भाडं आपण भरतो. म्हणून ती काठावर वाळवून मग न्यावी. पण काठावर म्हणजे पुराची रेघ सोडून वर. नाहीतर मृगाचा पहिला पाऊस ती परत घरी सोडतो. लहान तळं असेल तर माणसं, दाताळं आणि दोर यांना तोड नाही. काढायचं ते फुलण्याआधी, आणि मग दर पंधरवड्याला फेरी मारून राहिलेली पोरं उचलायची. दुसरी फेरी कुणी मारत नाही, आणि तिथंच पहिलीचे पैसे बुडतात. पुण्यात मोठा पूर आला की प्रश्न आपोआप सुटतो, असं म्हणतात. सुटतो म्हणजे मुळा-मुठेतून भीमेत जातो आणि उजनीचा रस्ता धरतो.

तणनाशक? भरल्या तळ्यावर एकदम फवारलं की सगळं एकदम मरतं, बुडतं, कुजतं; कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि दोन दिवसांनी मासे उताणे तरंगतात. करायचंच तर जाणकाराच्या देखरेखीखाली, पट्ट्या-पट्ट्यांनी. पिण्याच्या पाण्यात तर नाहीच.

मासा? १९५९ मध्ये हाँगकाँगहून भारतात आलेला गवत्या हायड्रिला मिटक्या मारत खातो. जलपर्णीकडे मात्र तो वळून बघत नाही. साचलेल्या तळ्यात तो अंडी घालत नाही, त्यामुळे बोटुकली दरवेळी विकत आणावी लागतात. ते एका अर्थी बरंच, कारण त्याची संख्या आपल्या हातात राहते. जास्त सोडले तर देशी पाला चरून तळं बोडकं करतात.

मीठ हा जलपर्णीचा खरा काळ. खाडीच्या खाऱ्या पाण्याला लागली की जलपर्णी पिवळी पडते. केरळात वेंबनाड सरोवराचा दक्षिण भाग भातासाठी खारं पाणी अडवून गोडा केला, त्यासाठी तण्णीरमुक्कमचा बांध घातला. भाताबरोबर जलपर्णीलाही मग राज्य मिळालं.

पण पाण्यात इतकं खत येतं कुठून? नाल्यातून. मैला, साबण, शेतातला युरिया. नायट्रोजन आणि फॉस्फरस. १९७०च्या दशकात नासाच्या मिसिसिपीतल्या केंद्रात बिल वुल्व्हर्टन यांनी जलपर्णी मुद्दाम सांडपाण्याच्या तळ्यात वाढवली, कारण ती घाण झपाट्यानं शोषून घेते. आपल्या नद्यांत हा प्रयोग विनाखर्च, विनानासा चाललाय. फरक इतकाच की शोषलेलं झाड वेळेवर बाहेर काढलं तरच घाण बाहेर जाते. जागेवर कुजलं तर सगळं परत पाण्यात. कारखान्यांच्या पाण्यातली असेल तर तिच्यात शिसं, कॅडमियमसारखे धातूही असू शकतात, तेव्हा तिचं खत भाजीपाल्याला घालण्याआधी तपासून घ्यावं.

उपयोग तसे बरेच. आसामात दीपोर बील काठच्या मच्छीमार समाजातल्या सहा मुलींनी हिच्यापासून योगासनाची चटई बनवली. बांगलादेशात कुजक्या जलपर्णीचे थर रचून तरंगते वाफे करतात आणि पुराच्या दिवसांत त्यावर भाजी पिकवतात. मला हे सगळं आवडतं, पण एक शंका राहते: ज्या धंद्याला रोज टनभर जलपर्णी लागते, त्या धंद्याला ती संपलेली कशी चालेल?

युरोपीय संघानं २०१६ मध्ये जलपर्णी विकायला, वाढवायला आणि बाळगायला बंदी घातली. आपल्याकडे ती अजून ऑनलाइन मिळते, बाल्कनीतल्या पाण्याच्या कुंडीसाठी. विक्रेत्याला विचारा, देखभाल कितपत लागते. तो म्हणेल, “काहीच नाही.” आणि तो खोटं बोलत नसेल.